आरसा किती मोठा, त्याआधी आरसा किती थंड

प्रश्न थोडक्यात असा आहे: जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे. दूर-अवरक्त, म्हणजे थंड धूळ आणि वायू टाकतात त्या डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वेब पाहते त्या प्रकाशापेक्षा मोठी असते, म्हणजे आरसा तितका गुळगुळीत नसला तरी चालेल. मग दहा मीटरचा, थोडा ओबडधोबड आरसा करून पाठवणं सोपं आणि स्वस्त पडायला नको का? आणि २०१३ मध्ये हर्शेल ही युरोपची दूर-अवरक्त अवकाश दुर्बीण थांबल्यापासून या तरंगलांब्यांसाठी अवकाशात एकही मोठी दुर्बीण का गेली नाही?

अतिशीत उपकरणांची रचना आणि त्यांच्या चाचण्या हे माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि हा प्रश्न मला दर वेळी नव्याने आवडतो. कारण त्याचा पहिला अर्धा भाग पूर्ण बरोबर आहे. प्रतिमा तरंगलांबीला शोभेल इतकी रेखीव हवी असेल, तर परावर्तित तरंगातली एकूण चूक तरंगलांबीच्या साधारण चौदाव्या भागाच्या आत ठेवावी लागते. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीला ही मर्यादा ३५ नॅनोमीटरच्या आसपास येते. ३० मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ती दोन मायक्रॉनपर्यंत सैल होते आणि १०० मायक्रॉनला सातपर्यंत. घासकाम, खंडांची जुळवणी, आधाराचा ताठपणा या सगळ्यांत त्यामुळे मोठी सूट मिळते. हर्शेलचा आरसा साडेतीन मीटरचा असूनही हबलच्या २.४ मीटरच्या आरशापेक्षा कितीतरी हलका होता, तो याच सवलतीमुळे.

पण या सवलतीने वाचवलेले सगळे पैसे आणि सगळं वजन दुसरीकडे खर्च होतं. दूर-अवरक्त दुर्बिणीची रचना व्यासापासून सुरू होत नाही, ती तापमानापासून सुरू होते. व्यास कितीही वाढवा, आरसा कोमट असेल तर त्या वाढीचा फार थोडा भाग पदरात पडतो. असं का होतं, ते आकड्यांनिशी सांगतो.

त्याआधी, या प्रकाशासाठी एवढा जीव का टाकायचा तेही सांगायला हवं. विश्वातल्या ताऱ्यांनी आजवर जो प्रकाश दिला, त्यातला साधारण अर्धा धुळीने गिळला आणि अवरक्तात, मुख्यतः दूर-अवरक्तात, परत बाहेर टाकला. तारे जन्मतात ते ढग, ग्रह घडतात त्या तबकड्या, दीर्घिकांच्या केंद्रात धुळीआड वाढणारी कृष्णविवरं, हे सगळं साधारण ३० ते ३०० मायक्रॉनच्या पट्ट्यात उजळ असतं. वायू थंड होतो तो ज्या वर्णरेषांतून, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशातून, त्याही इथेच आहेत: आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची, ऑक्सिजनच्या ६३ आणि ८८ मायक्रॉनच्या. जड हायड्रोजन असलेल्या रेणूची ११२ मायक्रॉनची रेषा तर तबकडीत एकूण वायू किती आहे याचं माप देते. तबकडीचं वजन काट्यावर ठेवण्याच्या सर्वांत जवळ जाणारी ही पद्धत. पाण्याच्या वाफेच्या अनेक रेषाही याच पट्ट्यात येतात. आणि नेमकी हीच पाण्याची वाफ आपल्या वातावरणात भरून राहिलेली असल्यामुळे हा पट्टा जमिनीवरून जवळपास बंद आहे. सोफिया ही विमानातली दुर्बीण २०२२ पर्यंत वाफेच्या बहुतेक थराच्या वर उडत असे, पण तिचा आरसा भोवतालच्या हवेइतकाच गरम राहायचा. म्हणून अवकाश.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे स्वतः प्रकाश टाकते. ८० केल्विनची, म्हणजे उणे १९३ अंश सेल्सिअसची वस्तू सर्वाधिक तेजस्वी असते ती ३६ मायक्रॉनच्या आसपास, आणि १०० मायक्रॉनलाही ती भरपूर उजळ असते. हर्शेलचा आरसा साधारण याच तापमानाला होता. चांगला आरसा आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या एक-दोन टक्केच प्रकाश टाकतो हे खरं, पण ज्या आकाशाकडे तो पाहतो ते किती काळं आहे याचा विचार करा. सूर्यमालेतल्या धुळीचा मंद प्रकाश, आकाशगंगेतल्या विरळ ढगांचा त्याहून मंद प्रकाश, बस्स. दोन टक्के धरून १०० मायक्रॉनला हिशेब केला तर ८० केल्विनचा आरसा आकाशाच्या एखाद्या अंधाऱ्या तुकड्यापेक्षा साधारण तीस हजार पट उजळ निघतो. हर्शेलने पाहिलेली प्रत्येक दीर्घिका या स्वतःच्या झगमगाटातून, दोन जागांमधला फरक घेऊन घेऊन, वेचून काढलेली आहे. त्या चमूंबद्दल मला म्हणूनच फार आदर वाटतो.

आता तापमान खाली आणत जाऊ. ४० केल्विन, म्हणजे जेम्स वेबच्या आरशाच्या जवळपास: अजूनही आकाशाच्या चार-पाच हजार पट. २० केल्विन: शंभर-सव्वाशे पट. १० केल्विनला १०० मायक्रॉनपुरता आरसा आकाशाच्या खाली जातो. इथे थांबावंसं वाटतं, पण थांबता येत नाही, कारण २०० मायक्रॉनला तोच १० केल्विनचा आरसा पुन्हा आकाशाच्या दहा-वीस पट उजळ असतो. तरंगलांबी वाढली की आणखी थंड व्हावं लागतं. ३०० मायक्रॉनपर्यंत आरशाचा प्रकाश आकाशाच्या खाली ठेवायचा तर आपण ४ ते ५ केल्विनवर येऊन पोचतो. ओरिजिन्स या मोठ्या दुर्बिणीच्या संकल्पनेत ५.९ मीटरचा आरसा होता आणि प्रायमा या लहान संकल्पनेत १.८ मीटरचा आहे. दोन्हींत तापमान मात्र ४.५ केल्विनच धरलेलं आहे. आकार तिपटीने वेगळे, तापमान एकच. हा योगायोग नाही. ते तापमान आकाशाने ठरवून दिलंय.

फायदा किती? पार्श्वभूमी तीस हजार पट घटली की तिच्यातला गोंगाट त्याच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे साधारण १७० पट. आणि तेवढ्याच मंद वस्तूपर्यंत पोचायला लागणारा वेळ तीस हजार पट कमी होतो. तेवढ्याच व्यासाच्या कोमट आरशाला ज्यासाठी वर्षभर टक लावून बसावं लागेल, ते थंड आरसा पंधरा-वीस मिनिटांत करतो. आता १.८ मीटरचा थंड आरसा आणि साडेतीन मीटरचा कोमट आरसा यांची तुलना करा. लहान आरशाने प्रकाश पावणेचार पट कमी गोळा केला, पण गोंगाट १७० पट कमी झाला. तरी तो चाळीस पटींहून जास्त संवेदनशील राहतो. तुमचा दहा मीटरचा आरसा वेबसारखा ४० केल्विनला ठेवला, तर १०० मायक्रॉनवर मंद रेषा शोधण्याच्या कामात हा १.८ मीटरचा थंड आरसा त्यालाही मागे टाकतो. अर्थात या सगळ्यात एक अट गृहीत धरली आहे: डिटेक्टर त्या लायकीचा हवा. ती अट फार मोठी आहे. तिच्याकडे परत येतो.

आधी थंड कसं करायचं ते पाहू, कारण या क्षेत्राचा निम्मा इतिहास तोच आहे. १९८३ मध्ये आयरास गेला, तेव्हा पद्धत सरळ होती: ५७ सेंटिमीटरची दुर्बीण अतिप्रवाही हेलियमच्या थर्मासमध्ये घालायची आणि हेलियम संपेपर्यंत पाहायचं. दहा महिन्यांत त्याने जवळपास सगळं आकाश मोजलं आणि अभिजित ताऱ्याभोवतीची धूळ दाखवून सगळ्यांना चकित केलं. १९९५ मध्ये निघालेल्या आयएसओनेही हाच मार्ग धरला: ६० सेंटिमीटरची दुर्बीण, दोन हजार लिटरहून जास्त हेलियम, आयुष्य अडीच वर्षांच्या आत-बाहेर. मग २००३ मध्ये स्पिट्झर आली. आरसा ८५ सेंटिमीटर, म्हणजे आधीपेक्षा मोठा. हेलियम मात्र फक्त ३६० लिटर. आणि ते टिकलं पावणेसहा वर्षं.

हे कसं जमलं ते मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. स्पिट्झरची दुर्बीण थर्मासमध्ये घातलीच नव्हती. ती खोलीच्या तापमानाला उडाली; थंड होती ती फक्त आतली उपकरणं. कक्षाही पृथ्वीभोवतीची नव्हती, सूर्याभोवतीची होती, पृथ्वीपासून हळूहळू मागे पडत जाणारी. त्यामुळे पृथ्वीची ऊब टळली. सूर्याकडे कायम एकच बाजू ठेवल्याने बाहेरचं कवच नुसतं काळोखाकडे उष्णता टाकून ३५ केल्विनच्या आसपास आलं. हेलियमकडे उरलं ते शेवटचं काम. उकळून निघणाऱ्या वाफेनेच दुर्बीण साडेपाच केल्विनपर्यंत उतरवली. जी उष्णता अवकाश फुकट नेतं ती हेलियमला न्यायला लावायची नाही, हा त्यातला धडा. आजची प्रत्येक रचना त्याच धड्यावर उभी आहे.

हेलियम किती महाग आहे याचा अंदाज असा घ्या. हर्शेलने २३०० लिटरच्या आसपास हेलियम नेलं आणि ते २००९ च्या मेपासून २०१३ च्या एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं पुरलं. बाष्पीभवनाच्या उष्णतेने भागाकार केला तर सरासरी भार ६० मिलिवॉटच्या आसपास येतो. हातातल्या लहान टॉर्चचा दिवा याच्या कितीतरी पट शक्ती खातो. सबंध अवकाशयानाच्या पोटात, पंप नसलेल्या टाकीपर्यंत, सगळीकडून मिळून एवढीच उष्णता पोचू द्यायची, हे तिथल्या उष्णता-अभियंत्यांनी करून दाखवलं.

मोठ्या दुर्बिणीला हेलियमचा साठा परवडत नाही. टाकीच यानाएवढी होते. म्हणून आता यांत्रिक शीतयंत्रं. त्यांना साठा संपण्याची भीती नाही, पण निसर्गाचा कर आहे. ३०० केल्विनला उष्णता फेकून ४.५ केल्विनवरून एक वॉट उचलायचा तर आदर्श यंत्रालाही ६६ वॉट लागतात. प्रत्यक्षातली यंत्रं या आदर्शाच्या फार खाली असतात. काहीशे वॉट वीज घेऊन ४-६ केल्विनला पन्नास-एक मिलिवॉट उचलले तर ते यंत्र चांगलं म्हणायचं. वेबवरच्या मध्य-अवरक्त उपकरणाचं यंत्र याच जातीचं आहे: दाबयंत्र गरम बाजूला, थंड टोक तिथून सुमारे दहा मीटर लांब, मधे बारीक नळ्या. दाबयंत्राचे दट्टे समोरासमोर हलवून कंपनं एकमेकांत विरवावी लागतात, नाहीतर तीच थरथर डिटेक्टरात गोंगाट होऊन उतरते.

आता या पन्नास मिलिवॉटशी तुमचा मोठा आरसा ताडून पाहा. समजा आरसा आणि त्याभोवतीचं वेष्टन मिळून ४० चौरस मीटर पृष्ठभाग आहे, आणि भोवतालचं सगळं ४० केल्विनला आहे. ४० केल्विनचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला ०.१४५ वॉट टाकतो. आपल्या चकचकीत वेष्टनाने त्यातले तीन टक्केच शोषले तरी पावणेदोनशे मिलिवॉट आत आले. यंत्राच्या आवाक्याबाहेर. पण मधे २० केल्विनचं एक कवच घातलं तर उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताने, म्हणजे सोळा पट घटतं आणि भार ११ मिलिवॉटवर येतो. त्या २० केल्विनच्या कवचाला त्याचं वेगळं शीतयंत्र लागतं, पण २० केल्विनला उष्णता उचलणं बरंच स्वस्त आहे. म्हणून ही दुर्बीण कांद्यासारखी पाकळीत पाकळी घालून बांधावी लागते, आणि प्रत्येक पाकळीचं तापमान ही एक वाटाघाट असते. विश्वाच्या आरंभीचा प्रकाश मोजणाऱ्या प्लँक यानावर ही उतरंड फार सुंदर दिसते: त्रिकोणी खाचांसारख्या कवचांनी फुकटात ५० केल्विन, हायड्रोजनच्या यंत्राने २० च्या जरा खाली, हेलियमच्या यंत्राने ४, आणि शेवटी दोन हेलियम समस्थानिकांच्या मिश्रणाने एका केल्विनचा दहावा भाग.

किरणोत्सर्जनाचा हिशेब तरी कागदावर नीट मांडता येतो. खरी डोकेदुखी आधार आणि तारा देतात. आधार उड्डाणाच्या धक्क्यात काही टन ओझं पेलण्याइतके जाड हवेत, आणि नंतरची सगळी वर्षं ते उष्णतेचे पूल होऊन बसतात. काच-तंतूंचे किंवा टायटॅनियमचे लांब, बारीक आधार वापरतात. काही रचनांत उड्डाणापुरते वेगळे भक्कम आधार लावून अवकाशात ते सोडवून घेतात. तारांचंही तसंच: तांबं वीज उत्तम नेतं आणि उष्णताही तितकीच उत्तम, म्हणून मँगॅनिन, फॉस्फर ब्राँझ, स्टेनलेस स्टील, आणि जिथे जमेल तिथे अतिसंवाहक, म्हणजे थंडीत रोधाशिवाय वीज नेणाऱ्या तारा.

एका चाचणीत आमच्या थंड टप्प्यावर हिशेबापेक्षा तीन मिलिवॉट जास्त दिसत होते. तीन. सगळे आकडे पुन्हा तपासले, तापमापकांवर संशय घेतला, शेवटी कक्ष गरम करून उघडला. बहुस्तरी वेष्टनाची एक कड, बोटभर रुंदीची, थंड कंसाला टेकलेली होती. बसवताना टेकत नव्हती. थंड झाल्यावर सगळं आकसलं आणि टेकली. गरम करणं, उघडणं, दुरुस्त करणं, पुन्हा थंड करणं, यात कित्येक आठवडे गेले. तेव्हापासून मी प्रत्येक फट थंड अवस्थेतल्या मापांनी काढून मगच आराखड्यावर सही करतो.

आकसण्याचा विषय निघालाच आहे तर साहित्याबद्दल थोडं. ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत मीटरमागे चार मिलिमीटर आकसतं, बेरिलियम सव्वा-दीड मिलिमीटर, सिलिकॉन कार्बाइड त्याहून फारच कमी. आकसणं हे मुळात वाईट नाही. सगळं एकाच साहित्याचं असेल तर आकार तोच राहून माप तेवढं लहान होतं. अनर्थ होतो तो दोन साहित्यं जोडतात तिथे, आणि एकाच साहित्याच्या दोन तुकड्यांचे गुण किंचित वेगळे असतात तिथे. हर्शेलचा आरसा सिलिकॉन कार्बाइडच्या १२ पाकळ्या झाळून एकसंध केलेला होता. स्पिट्झर आणि वेबचे आरसे बेरिलियमचे. माझं मत विचाराल तर दोन मीटरपर्यंत ॲल्युमिनियमचा गंभीर विचार व्हावा: आरसा, आधार, उपकरणांचा पाट सगळं त्याच धातूचं, उष्णता चटकन पसरवणारं, आणि दोन-तीन मायक्रॉनची चूक चालणाऱ्या कामाला पुरेसं. त्याच्या पुढे वजन आणि ताठपणा बेरिलियमकडे किंवा सिलिकॉन कार्बाइडकडे ढकलतात.

एक बाब नेहमी उशिरा लक्षात येते: बर्फ. अवकाशात गेल्यावर वेष्टनातून, चिकटद्रव्यांतून, संमिश्र साहित्यातून पाण्याची वाफ बराच काळ निघत राहते आणि जे सर्वांत आधी थंड होईल त्यावर गोठते. पाण्याच्या बर्फाचे शोषणपट्टे ४४ आणि ६२ मायक्रॉनच्या आसपास आहेत, म्हणजे नेमके आपल्या कामाच्या जागी. त्यामुळे सुरुवातीला आरसा तापकांनी मुद्दाम उबदार ठेवून भोवतालचे भाग आधी थंड होऊ द्यावे लागतात. थंड होण्याचा क्रम हा रचनेचाच भाग आहे. तो कागदावर नसेल तर रचना अपुरी आहे.

आता डिटेक्टर. आरसा ४.५ केल्विनला आणला, आकाश काळं झालं; पण तो काळोख मोजणारं साधन त्याहून शांत हवं. १०० मायक्रॉनच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे २ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल. वर्णपटमापकात प्रकाश बारीक वाटला गेला की एकेका घटकावर सेकंदाला मोजकेच फोटॉन पडतात. डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट त्याहून कमी हवा, म्हणजे १० च्या उणे १९ व्या घाताच्या वॉटपाशी किंवा त्याखाली. हर्शेलच्या डिटेक्टरांपेक्षा ही मागणी शेकडो ते हजारो पट कडक आहे. हर्शेलवर त्याची गरजच नव्हती. कोमट आरशाचा गोंगाट सगळ्यावर मात करत होता.

या मागणीला उतरणारे दोन प्रकार आज हाताशी आहेत. एकात अतिसंवाहक पापुद्रा बरोबर त्याच्या संक्रमणाच्या कडेवर धरून ठेवतात. किंचित ऊब आली की रोध झपकन बदलतो. दुसऱ्यात अतिसंवाहक धातूचं छोटं अनुनादी मंडल असतं. फोटॉनने इलेक्ट्रॉनांची जोडी फोडली की त्याची कंप्रता सरकते. दोन्ही एका केल्विनच्या दहाव्या भागाजवळ चालवावे लागतात, म्हणजे ४.५ केल्विनखाली आणखी एक यंत्र, बहुधा चुंबकीय क्षार वापरणारं. दुसऱ्या प्रकाराचा मला विशेष भरवसा वाटतो, आणि कारण पुन्हा उष्णतेचंच आहे: प्रत्येक घटकाला वेगळी कंप्रता देऊन हजारभर घटक एकाच तारजोडीवर वाचता येतात. हर्शेलच्या कॅमेऱ्यांत सर्वांत मोठी जाळी २०४८ घटकांची होती. आता हजारोंच्या संख्येने घटक हवे आहेत, आणि प्रत्येकाला स्वतंत्र तारा दिल्या तर आधी वाचवलेले मिलिवॉट तारांतूनच परत आत येतील.

एवढ्या हळव्या डिटेक्टरला काहीही दुखवतं. वैश्विक किरण प्लँकच्या डिटेक्टरांवर साधारण सेकंदाला एक असे आदळत होते आणि नोंदींचा प्रत्येक तुकडा त्यांच्यापासून साफ करावा लागला. भटका प्रकाश तर त्याहून वाईट. ज्या पेटीत डिटेक्टर बसतो तिच्या झाकणाच्या फटीतून ४० केल्विनच्या भिंतीचं अंधूक दर्शन झालं तरी सगळी संवेदनशीलता गेली. म्हणून आतले पृष्ठभाग या तरंगलांब्यांना खरोखर काळे हवेत. डोळ्याला काळा दिसणारा रंग १०० मायक्रॉनला बऱ्याचदा चकचकीत असतो.

एवढं झाल्यावर व्यास. त्याला मी शेवटी ठेवलं, पण तो बिनमहत्त्वाचा नाही. साडेतीन मीटरच्या हर्शेलची २५० मायक्रॉनची प्रतिमा १८ कोनीय सेकंदांएवढी धूसर होती (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). एका ठिपक्यात कितीतरी दीर्घिका मिसळायच्या. कितीही वेळ पाहिलं तरी या गर्दीपलीकडे जाता येत नाही, कारण इथे अडसर गोंगाटाचा नसून शेजाऱ्यांचा आहे. व्यास दुप्पट केला तर धूसरपणा अर्धा होतो, एवढंच. वेबच्या तोडीचा ०.१ कोनीय सेकंदाचा रेखीवपणा १०० मायक्रॉनला हवा असेल तर आरसा २५० मीटरचा लागेल. दहा मीटरने ती दरी भरत नाही.

ती भरण्याचा एक मार्ग वर्णपट आहे. एकाच ठिपक्यातल्या दोन दीर्घिकांच्या ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी किती वाढली ते माप, वेगळ्या असतात, त्यामुळे त्यांच्या रेषा वेगवेगळ्या जागी पडतात आणि गर्दी तिसऱ्या मितीत विस्कटते. यासाठी लागते संवेदनशीलता, म्हणजे पुन्हा थंड आरसा आणि शांत डिटेक्टर. दुसरा मार्ग दोन थंड दुर्बिणी लांब दांड्यावर बसवून त्यांचा प्रकाश एकत्र आणण्याचा. त्याचे आराखडे आहेत, ३६ मीटरच्या दांड्यावर एकेक मीटरचे दोन आरसे असा एक सविस्तर अभ्यासही झाला आहे. पण ४ केल्विनला सरकणारे आरसे आणि सरकण्याने निर्माण होणारी ऊब यांचा मेळ बसायला अजून काम लागेल. त्याआधी सहा मीटरच्या आसपासची एक थंड दुर्बीण व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

हर्शेलनंतर काही का गेलं नाही, याचं उत्तर बरंचसं वर आलंच आहे. थंड दुर्बिणीचा खर्च आरशात नसतो. तो पाकळ्यांत, यंत्रांत आणि चाचण्यांत असतो. वेबच्या दुर्बिणीची आणि उपकरणांची थंड चाचणी २०१७ मध्ये एका प्रचंड निर्वात कक्षात सुमारे शंभर दिवस चालली. ४.५ केल्विनच्या दुर्बिणीसाठी कक्षाच्या भिंतीही तितक्याच थंड कराव्या लागतात, नाहीतर डिटेक्टर भिंतीच पाहत बसतो. युरोप आणि जपानची स्पिका, २.५ मीटरची आणि ८ केल्विनखालची, अनेक वर्षांच्या तयारीनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये खर्चाच्या कारणाने मागे घेतली गेली. तिच्यावर उमेदीची वर्षं घातलेल्या लोकांसाठी ते फार जड होतं, आणि या क्षेत्रातल्या आम्हा सगळ्यांनाच ते लागलं. खगोलशास्त्राची पुढच्या दहा वर्षांची दिशा सुचवणाऱ्या नोव्हेंबर २०२१ च्या अमेरिकी दशकीय अहवालात ओरिजिन्सला पहिला मान मिळाला नाही, पण मध्यम खर्चाच्या मोहिमेसाठी दूर-अवरक्त आणि क्ष-किरण हे दोन विषय सुचवले गेले. त्यातूनच प्रायमाचा प्रस्ताव पुढे आला; ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने सविस्तर अभ्यासासाठी निवडलेल्या दोन संकल्पनांपैकी ती एक.

तुम्हाला स्वतः आराखडा करून पाहायचा असेल तर आरसा काढू नका. कागदाच्या तळाशी डिटेक्टर काढा, ०.१ केल्विन. त्यावर ४.५, त्यावर २०, त्यावर ४०, सर्वांत वर सूर्यकवच आणि ३०० केल्विनचं यान. दोन टप्प्यांना जोडणारा प्रत्येक आधार, प्रत्येक तार, समोरासमोरचा प्रत्येक पृष्ठभाग बाणाने दाखवा आणि बाणावर मिलिवॉट लिहा. मग ४.५ केल्विनच्या रेषेवरची बेरीज करा, आणि अनपेक्षित भारासाठी ती दुप्पट धरा. दुप्पट केलेला आकडा शीतयंत्राच्या पन्नास मिलिवॉटच्या आत राहील तोवर व्यास वाढवत न्या. जिथे तो पन्नास ओलांडतो, तो तुमच्या दुर्बिणीचा व्यास.